पोटातलं कलम

एका डच खानावळवाल्याने आपल्या दारावर पाटी टांगली होती. पाटीवर चित्र कबरस्तानाचं आणि खाली नाव ‘शाश्वत शांततेकडे’. जेवायला आलेल्याने हसावं की आल्या पावली परतावं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. १७९५ च्या शरद ऋतूत पूर्व प्रशियातल्या कोनिग्सबर्ग शहरात फ्रीडरिश निकोलोव्हियस या प्रकाशकाने शंभरेक पानांचं एक पुस्तक बाजारात आणलं. त्याचं पहिलंच वाक्य या पाटीबद्दल आहे आणि पुस्तकाचं नावही पाटीवरचंच. लेखक होता इमान्युएल कांट. वय एकाहत्तर.

कांट विनोद करायचा म्हटलं तर पुष्कळांना खरं वाटत नाही. पण हे पुस्तक म्हणजे एक लांबवलेला विनोदच आहे. त्याची सगळी मांडणी राजेरजवाड्यांच्या तहनाम्यासारखी आहे. आधी सहा प्राथमिक कलमं, मग तीन निर्णायक कलमं, मग हमी, मग पुरवण्या. इतकंच काय, तहात कारकून जसं ‘आमचे बाकीचे हक्क अबाधित’ असं एक संरक्षक वाक्य घुसवतात, तसंही एक त्याने सुरुवातीला घातलं आहे. मुत्सद्दी लोक तत्त्वज्ञाला पुस्तकी पंडित म्हणून हिणवतात ना? मग त्यांनी त्याच्या लिहिण्याला राज्यद्रोहाचा वासही लावू नये, असा त्याचा मतलब.

विनोदाच्या आड पहिलं कलम मात्र दातओठ खाऊन लिहिलेलं आहे. पुढच्या युद्धाचं निमित्त मनात गुपचूप राखून ठेवून केलेला तह हा तहच नव्हे, असं ते सांगतं. ते नुसतं दम खाणं झालं. मनात असा एखादा दावा झाकून ठेवायचा आणि दमल्यामुळे आज त्याचा उच्चार करायचा नाही, या प्रकाराला कांट जेझुइटांची शब्दांची कसरत म्हणतो. मराठीत याला जुनी, घरगुती म्हण आहे: ओठात एक, पोटात एक.

गंमत अशी की हे लिहिणाऱ्या माणसाच्या पोटातही त्या वेळी एक कलम होतं. ते तिथे जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

१ ऑक्टोबर १७९४ या तारखेचं एक राजपत्र बर्लिनहून कांटला आलं. राजा फ्रीडरिश विल्हेल्म दुसरा याच्या खास आज्ञेवरून त्यावर सही होती मंत्री योहान क्रिस्टोफ फोन व्योल्नर याची. कांटने आपल्या तत्त्वज्ञानाचा दुरुपयोग करून पवित्र ग्रंथातली आणि ख्रिस्ती धर्मातली मूलभूत शिकवण विद्रूप केली, तिची अवहेलना केली, असा आरोप होता. रोख १७९३ साली निघालेल्या ‘केवळ बुद्धीच्या मर्यादेतला धर्म’ या त्याच्या पुस्तकावर होता. त्याने ताबडतोब खुलासा करावा, पुढे असा प्रमाद करू नये, नाहीतर अप्रिय उपाय योजावे लागतील, असा पत्राचा सूर होता.

हा राजा म्हणजे थोरल्या फ्रेडरिकचा पुतण्या. काका नास्तिकांनाही चहापाणी करणारा. पुतण्या गूढ मंडळांत, प्रेतात्म्यांच्या बैठकांत रमणारा. पट्टराणी हयात असताना त्याने आणखी दोघींशी डाव्या हाताची, म्हणजे राणीपद न देणारी, लग्नं लावली होती आणि त्यांना धर्माधिकाऱ्यांची संमतीही मिळवली होती. व्योल्नर मूळचा पाद्रीच. मंत्री झाल्याबरोबर, जुलै १७८८ मध्ये, त्याने धर्माविषयी जो फतवा काढला, त्यात एक तरतूद कमालीची बोलकी आहे. ज्या पाद्र्यांना नव्या विचारांची लागण झाली आहे त्यांनी खुशाल नोकरीत राहावं, मनात काय मानायचं ते मानावं, मात्र व्यासपीठावरून जुनीच ठरलेली शिकवण द्यावी. म्हणजे ओठ आणि पोट वेगळं ठेवणं हे प्रशियात सरकारी धोरणच झालं होतं.

कांट या धोरणाशी कायद्याच्या बारकाव्यांनी लढत आला होता. धर्मावरच्या पुस्तकाचा पहिला भाग बर्लिनच्या मासिकात छापून आला, पुढचा तिथल्या परीक्षकाने अडवला. मग कांटने सगळं हस्तलिखित गोळा केलं, येना विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाकडून छपाईची परवानगी आणली आणि पुस्तक काढलं. नियम एकही मोडला नाही. बर्लिनवाल्यांना त्याचाच जास्त राग आला असावा.

राजाला त्याने सविस्तर उत्तर लिहिलं. आपण वर्गात बायबलवर कधी निवाडा दिला नाही. पुस्तक पंडितांसाठी आहे, सामान्यांना ते कळणारही नाही. ख्रिस्ती धर्माबद्दल आपल्याला आदरच आहे. आणि शेवटी, संशयाला जागाच राहू नये म्हणून, महाराजांचा अत्यंत एकनिष्ठ प्रजाजन या नात्याने त्याने वचन दिलं: नैसर्गिक असो की साक्षात्कारी, धर्म या विषयावर व्याख्यानात किंवा लेखनात यापुढे जाहीरपणे एक अक्षर बोलणार नाही.

सगळी गोम त्या ‘नात्या’त होती. महाराज म्हणजे हे महाराज. हे गेले की नातं संपलं, आणि नातं संपलं की वचन संपलं. हा अर्थ वाचणाऱ्याच्या ध्यानात येऊ नये आणि लिहिणाऱ्याला मात्र हवा तेव्हा काढता यावा, अशी ती शब्दयोजना होती. राजा कांटपेक्षा वीस वर्षांनी लहान होता, तेव्हा हा अर्थ उपयोगी पडेलच याची खात्री कुणालाच नव्हती.

महाभारतातल्या ‘नरो वा कुंजरो वा’ची इथे आठवण होणं अटळ आहे. अश्वत्थामा मेला हे खरं. कोण अश्वत्थामा, हे शंखांच्या आवाजात बुडवलं. त्या क्षणापर्यंत जमिनीच्या चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला असं सांगतात. सगळं खरं न सांगणं आणि खोटं बोलणं यांत फरक आहे का, असला तर तो कुठल्या शब्दापाशी सुरू होतो, हा प्रश्न तेव्हापासून कुरुक्षेत्रावर पडून आहे. १७९५ च्या जर्मनीत तो तहाच्या मेजापासून मासिकाच्या संपादकीय धोरणापर्यंत सगळीकडे एकदमच उभा राहिला.

कांट सच्चेपणाबद्दल हळवा होता, आणि त्याला घरची पार्श्वभूमी होती. खोगीर-पट्टे करणाऱ्या कारागिराचं कुटुंब, पायटिस्ट पंथाचं. बाह्य आचारापेक्षा अंतःकरणाची शुद्धता मोठी मानणारं. त्याच पंथाच्या शाळेत प्रार्थनांचा रतीब घालून घालून त्याला कायमची अरुची झाली. पुढे त्याने राजवाड्याजवळ घर घेतलं, तर शेजारी तुरुंग. कैदी उघड्या खिडक्यांतून मोठमोठ्याने भजनं गात. १७८४ मध्ये त्याने नगराध्यक्ष असलेल्या मित्राकडे लेखी तक्रार केली. त्यातली मेख अशी की खिडक्या लावून गायल्याने कैद्यांच्या आत्म्याला काही धोका पोहोचणार नाही, आणि देवभीरूपणाचा जो दाखला त्यांना तुरुंगाधिकाऱ्याकडून हवा आहे तोही मिळेलच. दाखल्यासाठी केलेली भक्ती त्याला दुरून ऐकू यायची.

आणि तरीही मौनाला तो खोटेपणा मानत नव्हता. १७९१ मध्ये ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टहून मारिया फोन हर्बर्ट या तरुणीचं त्याला पत्र आलं. आधीचं एक प्रेमप्रकरण तिने प्रियकरापासून दडवलं होतं. शेवटी सांगितलं तेव्हा तो दुरावला. जगण्यात अर्थ उरला नाही, आता काय करू, असा तिचा आकांत होता. कांटने पुढच्या वर्षी उत्तर दिलं आणि त्यात एक रेघ ओढली. मनातलं सगळं न उघडणं हे मानवी स्वभावाचं उणेपण आहे, त्याने चारित्र्य नासत नाही. मनात नाही ते आहे म्हणून सांगणं मात्र चारित्र्याला कीड लावतं. राजाच्या पत्रानंतर त्याने स्वतःसाठी एका चिटोऱ्यावर टिपण केलं, तेही याच रेघेवर. आपली खात्री नाकारणं हीनपणाचं आहे. पण अशा प्रसंगी गप्प बसणं हे प्रजेचं कर्तव्य आहे. बोलू ते सगळं खरं असावं, म्हणून खरं ते सगळं बोललंच पाहिजे असं नाही.

रेघ स्वच्छ दिसते. आता तिच्या शेजारी बाझल ठेवून बघावं.

फ्रान्सच्या प्रजासत्ताकाविरुद्ध प्रशिया १७९२ पासून लढत होती. काकाने साठवलेला खजिना पुतण्याने संपवला होता, आणि पूर्वेला पोलंडचा घास समोर होता. दोन्हीकडे सैन्य पुरेना. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात बोलणी सुरू झाली. फ्रान्सतर्फे फ्रांस्वा बार्तेलेमी होता. प्रशियाचा वकील काउंट गोल्ट्झ फेब्रुवारीत, बोलणी चालू असतानाच वारला. त्याच्या जागी कार्ल आउगुस्ट फोन हार्डेनबर्ग आला. ५ एप्रिल १७९५ ला तह झाला. सगळ्यांनी वाचावं असं त्यात होतं ते एवढंच, की ऱ्हाइनच्या डाव्या तीरावरचा प्रशियाचा मुलूख सार्वत्रिक तह होईपर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात राहील. कुणी वाचू नये असं जे होतं, त्याचा अर्थ असा: डावा तीर फ्रान्सने कायमचा ठेवलाच, तर प्रशियाला त्याची भरपाई मिळेल. भरपाई अर्थातच स्वतःच्या खिशातून कुणी देणार नव्हतं. ती उजव्या तीरावरच्या दुसऱ्यांच्या जमिनीतून व्हायची होती.

ती झालीसुद्धा. पवित्र रोमन साम्राज्याच्या १८०३ च्या ठरावात हिल्डेसहाइम आणि पाडरबोर्नची धर्मसंस्थानं, म्युन्स्टरचा तुकडा, एसेन आणि क्वेडलिन्बुर्गचे मठ प्रशियाकडे आले. गमावलेल्या मुलखाच्या कितीतरी पट. धर्मरक्षणाची द्वाही फिरवणाऱ्या घराण्याने बिशपांच्या आणि मठांच्या जमिनी अशा रीतीने घशात घातल्या. ज्या सालात ही सोय मुकाट्याने लिहून ठेवली जात होती, त्याच सालात कोनिग्सबर्गचा म्हातारा प्राध्यापक धर्माचं नाव काढायचं नाही या वचनाने बांधलेला होता.

बाझलची गुप्त कलमं कांटच्या टेबलावर आली होती असं मानायला आधार नाही. पण ‘शाश्वत शांततेकडे’ला निमित्त त्या तहाचंच, असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि कागद न बघताही तहाच्या पोटात काय असतं हे त्याला ठाऊक असणार. सात वर्षांच्या युद्धात त्याचं शहर चार वर्षं रशियन अमलाखाली होतं. तेव्हा त्याने प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज केला तो थेट रशियाच्या सम्राज्ञीकडे. एकनिष्ठ प्रजाजन हे नातं किती वेळा बदलतं, याचा त्याला चांगला अनुभव होता.

बाझलच्या तहाने उत्तर जर्मनीभोवती एक सीमारेषा आखून दिली. तिच्या आत दहा-अकरा वर्षं तोफ वाजली नाही. वायमार आणि येना पुढे त्याच सावलीत आले. जर्मन साहित्याचं सुवर्णयुग म्हणून शाळेत जे शिकवतात, त्याचा मोठा भाग या तटस्थतेच्या छपराखाली लिहिला गेला. छप्पर कशावर उभं आहे हे लिहिणाऱ्यांनी फारसं खोदून पाहिलं नाही.

नाटककार शिलरने जानेवारी १७९५ मध्ये ‘होरेन’ हे मासिक सुरू केलं. जाहिरातीतच त्याने बजावलं होतं की राजकारण आणि धर्म हे विषय इथे वर्ज्य राहतील. युद्धाच्या कोलाहलात सौंदर्याने माणसं जोडायची आहेत. मग पहिल्याच अंकात गटेची गोष्ट आली. ऱ्हाइनपलीकडून फ्रेंचांच्या भीतीने पळालेलं एक खानदानी कुटुंब. त्यातला तरुण कार्ल क्रांतीचा भक्त, पाहुणे गृहस्थ क्रांतीचे कट्टर वैरी. दोघांची जुंपते, पाहुणे तिरीमिरीत निघून जातात, आणि घरची बॅरोनेस सगळ्यांना दम भरते: बैठकीत आता हा विषय नको. मनात काही असो, चारचौघांत सभ्यता पाळा, त्यापेक्षा गोष्टी सांगा. बॅरोनेसचा हुकूम आणि मासिकाचं धोरण एकच. पण हुकमाची कथा सांगता सांगता राजकारण पोटभर येऊन गेलं होतं. रायशार्ट नावाच्या संगीतकाराने पुढच्या वर्षी हे जाहीरपणे दाखवून दिलं. तो मूळचा कोनिग्सबर्गचा. क्रांतीबद्दल सहानुभूती बोलून दाखवल्यामुळे बर्लिन दरबारची नोकरी गमावून बसलेला. गटे आणि शिलरने त्याची बोचऱ्या दोन-दोन ओळींच्या पद्यांनी यथेच्छ सालं काढली. त्याचा मुद्दा खोटा होता असं मात्र त्या पद्यांवरून सिद्ध होत नाही.

तटस्थतेच्या त्या रेषेच्या दक्षिणेला असली चैन नव्हती. २० सप्टेंबर १७९५ ला मानहाइम शहर लढाईविना फ्रेंचांच्या हवाली झालं, आणि दोन महिन्यांनी ऑस्ट्रियाने तोफा डागून ते परत घेतलं. शिलरचं पहिलं नाटक ज्या शहरात गाजलं ते हे मानहाइम. एकीकडे सौंदर्यातून माणूस मुक्त कसा होतो यावरची त्याची पत्रं छापून येत होती, दुसरीकडे त्याच्या तरुणपणीच्या गावावर गोळे पडत होते. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत.

आणि पूर्वेला पोलंड. २४ ऑक्टोबर १७९५ ला रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांनी उरलासुरला देश वाटून घेतला. वॉर्सा प्रशियाच्या वाट्याला आलं. महिन्याभरात शेवटच्या राजाने गादी सोडली. १७९७ च्या जानेवारीत तिघांनी सेंट पीटर्सबर्गला जो करार केला, त्यात एक गुप्त कलम होतं: पोलंडचं राज्य हे नावसुद्धा यापुढे वापरायचं नाही. कांटच्या पुस्तकातलं दुसरं प्राथमिक कलम सांगतं की कुठलंही राज्य वारसाने, अदलाबदलीने, विकत किंवा बक्षीस म्हणून दुसऱ्याने घेऊ नये, कारण राज्य म्हणजे माणसांचा समाज, जमीनजुमला नव्हे. पोलंडचं नाव त्याने तिथे घेतलेलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

नाव घेतलं आहे ते हिंदुस्थानचं. तिसऱ्या निर्णायक कलमात, परक्या भूमीवर पाहुणचाराचा हक्क कुठवर जातो हे सांगताना कांट युरोपीय व्यापाऱ्यांवर घसरतो. वखारी घालायच्या मिषाने त्यांनी हिंदुस्थानात परकं सैन्य उतरवलं, त्याच्यामागून जुलूम आला, तिथल्या राज्यांना एकमेकांविरुद्ध चिथावून युद्धं पेटवली गेली, दुष्काळ, बंड, विश्वासघात सगळं ओघाने आलं. हे छापलं गेलं १७९५ मध्ये, म्हणजे खर्ड्यावर मराठे आणि निजाम एकमेकांना भिडले त्या साली. सात वर्षांनी, १८०२ च्या शेवटच्या दिवशी, वसईला दुसऱ्या बाजीरावाने सही केली आणि वखारवाल्यांची फौज ‘तैनाती’ या गोंडस नावाने पेशव्यांच्या दाराशी बसली. पूर्व प्रशियाबाहेर कधीही न गेलेल्या माणसाला ही कार्यपद्धती तोवर पाठ झाली होती.

पुस्तकाचा खरा गाभा शेवटच्या पुरवणीत आहे आणि तो वाचेपर्यंत पुष्कळ वाचक थकतात. राजकारण आणि नीती यांचा मेळ कसा घालायचा? कांट एक कसोटी देतो, इतकी साधी की ती पंडिताची वाटत नाही. दुसऱ्यांच्या हक्कांवर परिणाम करणारं जे कृत्य, त्यामागचा बेत चारचौघांत बोलून दाखवताच फसणार असेल, तर ते कृत्य अन्यायाचं. बस. फळ चांगलं येईल का, हेतू शुद्ध होता का, ही चौकशी नंतरची. आधी सांगा, मोठ्याने म्हणता येतं का?

बाझलचं गुप्त कलम या कसोटीला क्षणभरही टिकत नाही. रेगेन्सबुर्गला साम्राज्याच्या सभेत उभं राहून प्रशियाच्या वकिलाने म्हणायचं होतं, की ऱ्हाइनचा डावा तीर गेला तरी आमची तक्रार नाही, आम्ही पलीकडच्या बिशपांचं काढून घेऊ. समोर ते बिशप बसलेले.

पण मग प्राध्यापकाचं वचन? राजाला लिहिताना कांटला हे म्हणता आलं असतं का, की ‘महाराज, आपण आहात तोवर गप्प राहतो’? अर्थातच नाही. बोलताच बेत फसला असता. त्याच्याच कसोटीवर त्याचं वाक्य नापास होतं.

त्याच्या बाजूने बरंच बोलता येतं आणि ते बोललं गेलंही आहे. दोन राज्यं तह करतात तेव्हा दोघांच्या हातात तलवार असते. इथे एकाच्या हातात राजदंड आणि दुसऱ्याच्या हातात पेन होतं. सत्तर वर्षांच्या माणसाच्या पोटावर पाय आला असता. खुल्या बंडाने काय होतं ते पुढे तत्त्वज्ञ फिख्टेच्या बाबतीत दिसलं. निरीश्वरवादाचा आरोप आला तेव्हा त्याने वायमारच्या सरकारला राजीनाम्याची धमकी दिली, आणि १७९९ मध्ये येनाची जागा गमावली. शिवाय कांट खोटं कुठे बोलला? प्रत्येक शब्द खरा होता.

शेवटचा बचावच त्याला बुडवतो. शब्द खरे ठेवून समजूत खोटी करणं हीच तर ती जुनी कसरत, जिला पहिल्या कलमात त्याने जेझुइटांच्या नावाने हिणवलं. आणि हे मौनही नव्हतं. राजाने मागितला होता खुलासा आणि पुढचा संयम. धर्म हा अख्खा विषय सोडतो असं सांगण्याची सक्ती पत्रात नव्हती. ते कांटने आपणहून देऊ केलं. मागितल्यापेक्षा जास्त देणारा माणूस बहुधा परत घेण्याची वाट पाहत असतो.

यात आणखी एक पेच आहे. सप्टेंबर १७९७ मध्ये कांटने बर्लिनच्या नियतकालिकात एक छोटा निबंध छापला, फ्रेंच लेखक बाँजामाँ काँस्तां याला उत्तर म्हणून. मित्र घरात लपला आहे, दारात खुनी उभा राहून विचारतो आहे. अशा वेळीही खोटं बोलण्याचा हक्क माणसाला नाही, असा त्यातला कुप्रसिद्ध निर्णय. दोनशे वर्षं विद्यार्थी त्यावर चिडत आले आहेत. हे लिहिताना राजा जिवंत होता आणि त्याला दिलेलं ते दुपदरी वाक्य अजून अमलात होतं. खुन्याशीही खरंच बोला म्हणणारा माणूस स्वतः राजाशी शब्द तोलून बोलला होता. बारकाईने पाहिलं तर १७९७ च्या नियमात तो बसतो, कारण तिथे प्रश्न उच्चारलेल्या शब्दाच्या खरेपणाचा आहे. १७९५ च्या नियमात बसत नाही, कारण तिथे प्रश्न न उच्चारलेल्या हेतूचा आहे. दोन्ही नियम त्याचेच. यातला १७९५ चा नियम अधिक खोल आहे, आणि त्या नियमाने कांट दोषी ठरतो. त्याच्या चाहत्यांनी एवढं मान्य करायला हरकत नसावी.

मात्र १७९६ ची दुसरी आवृत्ती हातात घेतली की निकाल देणाऱ्यालाही थोडं थबकावं लागतं. या आवृत्तीत कांटने एक नवं कलम घातलं आणि त्याला नाव दिलं ‘शाश्वत शांततेसाठी गुप्त कलम’! सार्वजनिक कायद्याच्या तहात गुप्त कलम असणं हा तर्काने विरोधाभास आहे, हे तो आधीच कबूल करतो. फक्त मुत्सद्द्यांना आपण दुसऱ्याकडून अक्कल घेतो हे जाहीर करायला कमीपणा वाटतो, म्हणून हे गुपित. काय आहे गुपित? युद्धाला सज्ज असलेल्या राज्यांनी शांततेच्या अटींबद्दल तत्त्वज्ञांचं म्हणणं ऐकावं. त्यांना बोलवायला नको, पगार नको, हातात सत्ता तर मुळीच नको, सत्तेने बुद्धी बिघडते. त्यांना नुसतं मोकळेपणाने बोलू द्यावं. एकूण गुपित एवढंच की तोंडं बंद करू नका. ज्याचं तोंड बंद आहे तो माणूस हे छापून विकत होता, आणि त्याचं स्वतःचं गुपित त्याच पानाच्या मागे उभं होतं.

१६ नोव्हेंबर १७९७ ला फ्रीडरिश विल्हेल्म दुसरा वारला. नव्या राजाने मार्च १७९८ मध्ये व्योल्नरला घरी बसवलं. त्याच वर्षी निकोलोव्हियसनेच कांटचं ‘विद्याशाखांचा झगडा’ हे पुस्तक काढलं. बायबल आणि बुद्धी यांच्या संबंधावरचा त्यातला भाग राजाच्या हयातीत छापता येणं शक्य नव्हतं. प्रस्तावनेत कांटने राजाचं पत्र आणि आपलं उत्तर, दोन्ही पूर्ण छापली. ‘एकनिष्ठ प्रजाजन’ या शब्दांना तळटीप जोडली आणि तिच्यात लिहून टाकलं की ही शब्दयोजना आपण मुद्दाम निवडली होती, धर्मविषयक लेखनाचं स्वातंत्र्य कायमचं सुटू नये, फक्त या राजाच्या हयातीपुरतंच सुटावं म्हणून. ना पश्चात्ताप, ना फुशारकी. पोटातलं कलम असं चार वर्षांनी त्याने स्वतःच्या सहीने ओठावर आणलं. सेंट पीटर्सबर्गच्या करारावर सह्या करणाऱ्यांनी, किंवा बाझलच्या, असलं काही केल्याची नोंद नाही.

बाझलने विकत घेतलेली शांतता १४ ऑक्टोबर १८०६ ला संपली. त्या एका दिवसात येना आणि आउअरश्टेटच्या मैदानांवर नेपोलियनच्या फौजांनी प्रशियाचं सैन्य मोडून काढलं, आणि वायमारमध्ये गटेच्या घरात फ्रेंच सैनिक शिरले. कांट तोवर जाऊन अडीच वर्षं झाली होती.

राजाला दिलेल्या वचनात लेखन होतं, तशी व्याख्यानंही होती. लेखनाची मोकळीक कांटला १७९८ मध्ये वापरता आली. व्याख्यानांची नाही. कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात त्याने शेवटचं व्याख्यान २३ जुलै १७९६ ला दिलं, त्यानंतर प्रकृतीमुळे तो वर्गात गेला नाही. आणि राजा तेव्हा हयात होता.